थकबाकीची जमीन: घ्यायची कशी आणि सोडायची कधी

जमिनीवरचा बोजा दोन जातींचा असतो. एकाची रक्कम कागदावर लिहून देणारा कोणीतरी असतो: बँक, सोसायटी, महापालिका, कर खाते. पैसे भरले की तो उतरतो. दुसऱ्याची रक्कम कोणालाच सांगता येत नाही: बहिणींनी न सोडलेला हक्क, वतनाची जमीन, सरकारने दलित कुटुंबाला मंजूर केलेली जमीन, रस्त्यासाठी निघालेली अधिसूचना. पहिल्या जातीच्या जमिनीत कागदामागे धावणाऱ्याला चार पैसे सुटतात. दुसऱ्या जातीची जमीन निम्म्या दराने मिळाली तरी महागच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात स्वस्त म्हणून सांगितल्या जाणाऱ्या जमिनीत दोन्ही जाती सरमिसळ झालेल्या असतात. त्या वेगळ्या करणे हेच पहिले काम.

आधी एक गैरसमज. अमेरिकेत थकलेल्या मिळकतकराचे प्रमाणपत्र विकत घेऊन व्याज कमावतात, त्याचे व्हिडिओ बघून अनेकजण तसेच इथे काय आहे म्हणून विचारतात. आपल्याकडे तशी सोय नाही. दुसऱ्याचा कर तुम्ही भरलात तर ना व्याज मिळते ना मालकी. फार तर पावती मिळते आणि तीही त्याच्याच नावाची. शेतसारा तर एकरी काही रुपये. त्यासाठी कोणाची जमीन लिलावात जात नाही. जमीन महसुलाची थकबाकी म्हणून जे वसूल होते ते बहुतेक वेळा वेगळेच असते: विक्रीकर किंवा जीएसटी, कमी भरलेली स्टँप ड्युटी, कामगारांचे देणे, साखर कारखान्याने ऊस उत्पादकांना न दिलेली रक्कम. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल दिले नाही तर कारखान्याला वर्षाला १५ टक्के व्याज लागते आणि जिल्हाधिकारी ती रक्कम महसुली थकबाकीसारखी वसूल करू शकतात. म्हणून कारखान्याची किंवा कारखानदाराची जमीन विक्रीला आली, तर आधी हे येणे विचारायचे.

कोणते कागद, कुठून आणि त्यात काय बघायचे

उतारा भूमीच्या (कर्नाटकातल्या जमीन नोंदींच्या) संकेतस्थळावरून किंवा नाडकचेरीतून, म्हणजे होबळीच्या महसूल कार्यालयातून काढा. विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर भागवू नका. नववा रकाना मालकाचे नाव आणि खाते दाखवतो, दहावा ते नाव कोणत्या फेरफाराने आले ते, अकरावा बोजा आणि इतर हक्क, बारावा पीक आणि कसणारा. अकरावा रकाना कन्नडमध्ये असतो आणि तिथेच मराठी वाचणाऱ्याची फसगत होते. ओळखायचे शब्द थोडेच आहेत: ‘साल’ म्हणजे कर्ज, ‘अडमान’ म्हणजे गहाण, ‘भोग्य’ म्हणजे ताबेगहाण, ‘जप्ती’ तीच आपली जप्ती, ‘तडेयाज्ञे’ म्हणजे स्थगिती किंवा मनाई, ‘हराजु’ म्हणजे लिलाव. ‘तडेयाज्ञे’ दिसले की बाकीचे वाचायच्या आधी दाव्याचा नंबर टिपून घ्या.

उताऱ्यातले क्षेत्र वाचताना खराबा वेगळा करा. ‘अ’ खराबा म्हणजे पीक न येणारी पण मालकाच्याच खात्यातली जमीन. ‘ब’ खराबा म्हणजे रस्ता, नाला, स्मशान अशा सार्वजनिक वापराची. ‘ब’ खराब्याचे गुंठे दर ठरवताना मोजले, तर तेवढे पैसे नाल्यात गेले.

आजचा एकच उतारा पुरत नाही. भूमीतले संगणकीय उतारे २००० च्या आसपासचे. त्याआधीचे हाताने लिहिलेले तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. भू-सुरक्षा योजनेत २०२४ पासून हे जुने कागद स्कॅन होत आहेत, त्यामुळे शोध थोडा सोपा झाला आहे. निदान तीस वर्षांचे उतारे आणि त्यातल्या प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा. १९५६ पूर्वीचे मुंबई राज्यातले हक्कपत्रक बऱ्याच गावांत मराठीत आहे, काही ठिकाणी मोडीतही. कन्नड वकिलाला ते वाचायला जड जाते, तुमच्या गावातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांना कदाचित नाही. वतन होते का, कूळ लागले होते का, याचे उत्तर नेमके त्याच पानांत असते.

दुसरा कागद बोजाचा दाखला, म्हणजे ईसी. नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावर साधारण २००४ पासूनचा मिळतो, त्याआधीचा सब-रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज देऊन. नमुना १५ वर आला तर नोंदी आहेत, नमुना १६ वर आला तर नाहीत. नमुना १६ हातात आला की एजंट लगेच “क्लिअर आहे” म्हणतो. तो कोरा दाखला फक्त एवढेच सांगतो की त्या वर्णनाच्या मिळकतीवर नोंदणी झालेला व्यवहार सापडला नाही. मूळ खरेदीपत्र बँकेत ठेवून काढलेले कर्ज नोंदलेले नसेल तर ते त्यात येत नाही, कराची थकबाकी येत नाही, तोंडी वाटणी येत नाही. शिवाय शोध वर्णनावर चालतो. सर्व्हे नंबर ४५/२ चा ४५/२अ झाला असेल, तर दोन्ही नंबरांनी आणि मालक-बापाच्या नावानेही शोध घ्या.

मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जासाठी सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत नाममात्र फी भरून मिळकतीवर शोध घेता येतो. त्याहून साधी कसोटी म्हणजे मूळ खरेदीपत्र डोळ्यांनी बघा. “घरी कुठेतरी आहे, शोधून देतो” असे उत्तर दुसऱ्यांदा आले तर ते पत्र कोणत्यातरी पतसंस्थेच्या कपाटात आहे असेच धरून चला.

नंतर कोर्ट. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर विकणारा, त्याचा बाप, भाऊ यांच्या नावांनी बेळगाव आणि संबंधित तालुक्याच्या कोर्टांत दावे शोधा. महसुली दाव्यांसाठी आरसीसीएमएस हे संकेतस्थळ वेगळे आहे. नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाका. दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली राहते, तुम्हाला माहीत असो वा नसो.

शेवटी भूसंपादन. बेळगावभोवतीच्या जमिनीत हे विसरून चालत नाही. हलगा-मच्छे बायपास, रिंग रोड, बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) वसाहती, औद्योगिक क्षेत्रे. अधिसूचना निघालेली असते आणि उताऱ्यावर कित्येकदा काहीच नसते. बुडा, महामार्गाचे भूसंपादन कार्यालय आणि औद्योगिक मंडळ अशा तिन्ही ठिकाणी सर्व्हे नंबर लिहून लेखी विचारा. तोंडी ‘काही नाही साहेब’ला किंमत नाही.

ज्या जमिनीपासून उठून यावे

सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला मंजूर केलेली जमीन सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विकली असेल तर १९७८ च्या पीटीसीएल कायद्याने ती विक्री शून्य ठरते. फार उशिरा केलेले अर्ज कोर्टे फेटाळत होती. २०२३ च्या दुरुस्तीने अशा अर्जाला मुदतीचे बंधनच ठेवले नाही. म्हणजे मधे चार खरेदी-विक्री झाल्या, घर बांधले, तरी प्रांताकडे अर्ज होऊ शकतो आणि जमीन मूळ कुटुंबाकडे जाऊ शकते. मंजुरीची ही नोंद आजच्या उताऱ्यावर बऱ्याचदा नसते, जुन्या फेरफारात असते. जुने उतारे काढा म्हणून वर जो आग्रह धरला तो मुख्यतः यासाठी.

पाटीलकी, कुलकर्णी, महार अशी वतने १९६१ च्या कायद्याने गेली आणि जमिनी पुन्हा मंजूर झाल्या. फेरमंजूर झालेल्या या जमिनी विकण्यावर १५ वर्षांची बंदी घातलेली होती. कुळकायद्यात मिळालेल्या जमिनीलाही १५ वर्षांचीच अट. मुदत संपली असेल तर अडचण नाही, पण मुदतीच्या आत झालेले एखादे खरेदीपत्र साखळीत असेल तर पुढची सगळी साखळी पोकळ. तारखा स्वतः मोजा.

गायरान, बगरहुकूम (परवानगीशिवाय कसलेली सरकारी जमीन नावावर करण्याच्या) अर्जावर कसली जाणारी जमीन, खानापूर तालुक्यातली जंगलाला लागून असलेली आणि वनखात्याने हरकत घेतलेली जमीन, आणि शंभर रुपयांच्या बाँडवर विकलेले गुंठेवारीचे प्लॉट यांतही पडू नका. बाँडवर मालकी जात नाही, नोंदणीकृत खरेदीपत्रच लागते. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. बाँडवाला प्लॉटधारक वर्षानुवर्षांच्या कराच्या पावत्या दाखवतो. कर घेतला म्हणून पंचायतीने मालक ठरवले असे होत नाही.

बहिणींचा प्रश्न पैशाने सुटू शकतो, पण तो विकणाऱ्याने सोडवायचा. वंशावळ मागा, तीत मुली आहेत का बघा, आणि प्रत्येकीची सही एकतर नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर किंवा थेट खरेदीपत्रावर घ्या. “बहिणी काही मागत नाहीत” हे खरेही असते, भाचे मोठे होईपर्यंत.

शेतकरी दाखल्याची मात्र काळजी नको. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीने जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमे गेली, त्यामुळे शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. दाखल्याची अट महाराष्ट्रात आहे. चंदगड-गडहिंग्लजकडचे नातेवाईक सांगतात ते त्यांच्या बाजूला बरोबर आहे.

खासगी खरेदीत बोजा फेडायचा क्रम

इथे पैसे बुडतात ते बोजा मोठा होता म्हणून क्वचितच. पैसे आधी विकणाऱ्याच्या हातात गेले म्हणून बुडतात. त्याने ते मुलीच्या लग्नाला किंवा दुसऱ्या सावकाराला दिले की बँकेचा बोजा जागेवर आणि तुमचा संचकारही (विसारही) गेला.

पहिली पायरी, रक्कम लेखी. विकणाऱ्याला बँकेत घेऊन जा आणि खाते बंद करण्याच्या रकमेचे पत्र मागा. त्या पत्रात तीन गोष्टी हव्यात: कोणत्या तारखेपर्यंत ही रक्कम चालेल, त्यानंतर रोजचे व्याज किती, आणि या मिळकतीवर कर्ज व जामीन दोन्ही धरून बँकेचे एकूण येणे किती. तिसरी गोष्ट बहुतेकजण विचारत नाहीत. विकणारा मेव्हण्याच्या ट्रॅक्टर कर्जाला जामीन असतो, त्याचे स्वतःचे कर्ज फिटते आणि बँक म्हणते, जामिनाचे फिटेपर्यंत कागद सोडणार नाही. पीकेपीएस (गावची शेती कर्जाची) सोसायटी आणि पतसंस्थांत तर हे नेहमीचेच, कारण तिथे सगळे गाव एकमेकांना जामीन असते.

एकरकमी तडजोड होत असेल तर मंजुरीचे पत्र हातात घेतल्याशिवाय रुपयाही भरू नका. त्यातला हप्ता एक दिवस चुकला तरी तडजोड रद्द होऊन पूर्ण व्याज पुन्हा उभे राहते, अशी अट बहुतेक पत्रांत असते.

दुसरी पायरी, संचकारपत्र नोंदणी करून घ्या. त्यात खातेक्रमांकासह लिहा की बँकेत आणि सोसायटीत खरेदीदार जी रक्कम भरेल ती किमतीचा भाग आहे, आणि व्यवहार विकणाऱ्यामुळे मोडला तर तेवढ्या रकमेचा बोजा या मिळकतीवर राहील. कायद्याने खरेदीदाराला आगाऊ दिलेल्या किमतीपुरता असा बोजा मिळतोच, पण लिहिलेले असले की वाद तोकडा होतो. बायको, मुलगे, मुली यांच्या संमतीच्या सह्या इथेच घ्या, शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. ताबा घेतल्याचे मात्र या कागदात लिहू नका. ताबा दिलेल्या कराराला खरेदीपत्राइतकीच स्टँप ड्युटी लागते. रोख देणेही टाळा: स्थावराच्या आगाऊपोटी २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्याने तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो.

तिसरी पायरी, भरणा. समजा सौदा ३० लाखांचा ठरला, बँकेचे ११ लाख ४० हजार आणि सोसायटीचे १ लाख ६० हजार आहे. संचकाराचे २ लाख आरटीजीएसने विकणाऱ्याला. बँकेचे आणि सोसायटीचे मिळून १३ लाख थेट कर्जखात्यात. डिमांड ड्राफ्ट काढलात तर त्यावर कर्जखात्याचा क्रमांक घाला, नुसते बँकेचे नाव नको. उरलेले १५ लाख खरेदीपत्राच्या दिवशी सब-रजिस्ट्रारसमोर. विकणाऱ्याच्या बचत खात्यातून कर्जखात्यात वळते करू म्हणाला तर नाही म्हणा. त्या बचत खात्यावर दुसऱ्या कुणाची जप्ती असली तर पैसे वाटेतच अडकतात.

चौथी पायरी, सुटका. पैसे भरले म्हणून अकरावा रकाना आपोआप कोरा होत नाही. गहाणखत नोंदणीकृत असेल तर बँकेने बोजामुक्तीचा लेखही नोंदवायला हवा, तरच ईसीत उलटी नोंद येते. उताऱ्यासाठी बँक शेतकरी नोंदणीच्या फ्रूट्स प्रणालीतून ऑनलाइन बोजा उतरवू शकते. शाखेत ते कोणी करत नसेल तर येणे नसल्याचा दाखला घेऊन नाडकचेरीत किंवा तालुक्याच्या भूमी केंद्रात अर्ज द्या. दाखल्यावर सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि जुन्या बोज्याचा फेरफार क्रमांक हवाच. नुसते ‘खाते निल आहे’ लिहिलेला दाखला तलाठी परत पाठवतो, आणि त्याचे बरोबर असते.

मूळ कागद परत करायला बँका टाळाटाळ करत, तेव्हा रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून नियम लावला: कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत कागद द्यायचे आणि बोजाही काढून द्यायचा, नाही तर उशिराच्या दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम बँका आणि वित्त कंपन्यांना आहे. गावातल्या पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नसतात, तिथे तो दाखवून उपयोग नाही. तिथे पैसे देतानाच त्याच टेबलावर कागद परत घ्यायचे.

जुने बोजे हा वेगळाच त्रास. उताऱ्यावर मलप्रभा ग्रामीण बँकेचा १९८० च्या दशकातला बोजा असतो आणि ती बँक आता त्या नावाने नाही: ती २००५ मध्ये कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत गेली आणि ती १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत. सिंडिकेट बँकेचे कागद २०२० पासून कॅनरा बँकेकडे, कॉर्पोरेशन बँकेचे युनियन बँकेकडे, विजया बँकेचे २०१९ पासून बँक ऑफ बडोदाकडे. दाखला नव्या बँकेच्या त्या शाखेतून घ्यायचा. खाते सापडत नाही असे उत्तर आले तर ‘आमच्या दफ्तरी या मिळकतीवर काही येणे दिसत नाही’ एवढे तरी लेखी मागा. त्यावर बोजा उतरवता येतो. तगाईचा (सरकारने शेतकऱ्याला दिलेल्या कर्जाचा) बोजा असेल तर बँकेचा संबंध नाही, तो तहसीलदारांकडे. आणि २०१८ च्या कर्जमाफीत कर्ज माफ झाले असले तरी नोंद आपोआप जात नाही, दाखला काढावाच लागतो.

अकरावा रकाना कोरा झालेला ताजा उतारा आणि त्याच आठवड्यातली ईसी हातात आल्यावरच खरेदीपत्राची तारीख घ्या. सर्व्हे नंबरचा काही भागच घेत असाल तर आधी ११-ई नकाशा (त्या भागाचा मोजणी नकाशा) लागतो; मोजणीच्या अर्जाला वेळ जातो, म्हणून तो संचकारपत्र झाल्याबरोबर टाका. खर्च धरताना स्टँप ड्युटी ५ टक्के, वर सेस आणि अधिभार, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ टक्क्याची २ टक्के झालेली नोंदणी फी. एकूण साडेसात टक्क्यांच्या थोडे वर जाते, म्हणजे ३० लाखांवर जवळजवळ २ लाख ३० हजार. जमीन ‘स्वस्त’ मिळाली का हे यानंतर ठरवा. सरकारी दर सौद्यापेक्षा जास्त असेल तर ड्युटी सरकारी दरावर बसते.

लिलावात बोली लावताना

बँकांचे लिलाव बँकनेट संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रात येतात. सरफेसी म्हणजे बँकेला कोर्टात न जाता गहाण मिळकत विकू देणारा कायदा. त्याखालच्या लिलावात आगाऊ ठेव धरून २५ टक्के त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे. उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. चुकलात तर भरलेले २५ टक्के जप्त, आणि पूर्ण रक्कम जप्त करणे योग्यच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. गृहकर्जाची मंजुरी यायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून कर्ज आधी मंजूर, बोली नंतर.

जाहिरातीत ‘प्रतीकात्मक ताबा’ लिहिले असेल तर आत माणसे राहतात असे समजा. बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा कोर्टाकडून प्रत्यक्ष ताबा घ्यावा लागेल, आणि कर्जदार बेंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जाऊ शकतो. प्रत्यक्ष ताबा असलेली मिळकत दहा टक्के महाग पडली तरी नवख्याने तीच घ्यावी.

सरफेसी शेतजमिनीला लागू नाही, आणि इथे बेळगावच्या कडेच्या गावांत घोळ होतो. प्लॉट पाडलेले, घर बांधलेले, पण उतारा अजून शेतीचाच. अशा मिळकतीचा लिलाव कर्जदार ‘ही शेतजमीन आहे’ म्हणून आव्हानात नेतो. प्रत्यक्ष वापर बघून निकाल होतो आणि तोवर तुमचे पैसे अडकतात. बिगरशेतीचा आदेश बघितल्याशिवाय ठेव भरू नका.

लिलावाच्या अटीत ‘जसे आहे जिथे आहे’ असते. त्याचा अर्थ कर, पाणी आणि हेस्कॉमची (वीज कंपनीची) बाकी तुमच्या गळ्यात. जुन्या ग्राहकाची विजेची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, नियमात तशी तरतूद असली की, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. कारखाना किंवा गोदाम घेत असाल तर ही बाकी लाखांत असते. आधी लेखी काढा आणि बोलीतून वजा करा. त्याच मिळकतीवर विक्रीकर खात्याचा बोजा असेल तर सरसाईत नोंदलेल्या बँकेला कायद्याने अग्रक्रम आहे, पण उताऱ्यावरची नोंद तलाठी स्वतःहून काढत नाही. धारवाड खंडपीठात जावे लागू शकते. तो खर्च कोणाचा, हे बँकेला बोलीआधी पत्राने विचारा.

महसूल खात्याच्या लिलावाचा साचा जुना आहे. जाहीरनाम्यापासून किमान ३० दिवसांनी विक्री. जागेवर २५ टक्के, १५ दिवसांत उरलेले. विक्रीनंतर ३० दिवसांत थकबाकीदाराने थकबाकी भरली आणि तुम्हाला बोलीच्या ५ टक्के दिले की विक्री रद्द. दिवाणी कोर्टाच्या लिलावातही २५ टक्के, १५ दिवस आणि ५ टक्के हेच, फक्त मुदत ६० दिवसांची. ही मुदत संपून विक्री कायम झाल्याचा हुकूम येईपर्यंत बोअर मारू नका, कुंपण घालू नका. आणि लक्षात घ्या, दुसऱ्याच देण्यासाठी महसुली पद्धतीने जमीन विकली जाते तेव्हा थकबाकीदाराचा जेवढा हक्क होता तेवढाच विकला जातो. त्याचा हिस्सा चौथा असेल तर तुम्ही चौथ्या हिश्शाचे धनी आणि तीन भावांचे नवे भागीदार.

विक्रीचा दाखला मिळाल्यावर त्याची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही. अधिकाऱ्याने पाठवलेली प्रत सब-रजिस्ट्रारच्या बुक नंबर १ मध्ये लागली की पुरते. व्यवहारात मात्र ई-खाते (प्लॉट-घराच्या मालकीची संगणकीय नोंद) आणि पुढच्या खरेदीदाराची बँक या दोघांच्या समाधानासाठी ड्युटी भरून नोंदवून घेतलेलेच बरे.

कर थकलेले प्लॉट आणि घरे

महापालिका हद्दीत मिळकतकर वेळेत भरल्यास ५ टक्के सूट, मुदत टळली की महिन्याला २ टक्के दंड. वर्षाला २४. पाच वर्षांपूर्वीची बाकी दंडासह दुपटीच्या वर गेलेली असते, म्हणून ‘थोडा टॅक्स राहिलाय’ या शब्दांवर सौदा करू नका. चलन काढून बघा. थकबाकीचा पहिला बोजा मिळकतीवरच असतो आणि तो न विचारता घेतलेल्याला ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणून सुटणे अवघड.

ई-खात्याशिवाय आता प्लॉटची नोंदणी होत नाही. शहरात ते ई-आस्तीतून, पंचायतीत ई-स्वत्तूतून: नमुना ९ आणि ११-ए असेल तर मिळकत नियमात आहे, ११-बी असेल तर मंजुरीत कुठेतरी खोट आहे. ११-बी वर कर्ज मिळायला त्रास होतो, हे विकणारा सांगणार नाही. थकलेला कर भरल्याशिवाय खाते बदलत नाही, तेव्हा चलन विकणाऱ्याच्या नावाने तुम्ही भरा आणि ती रक्कम किमतीतून कापा.

खरेदीनंतर

नोंदणी झाली की सब-रजिस्ट्रारकडून जे-स्लिप (खरेदीची सूचना) आपोआप भूमीत जाते आणि फेरफाराची नोटीस निघते. ती गावात लागली का ते बघा. हरकत आली तर सुनावणीची तारीख चुकवू नका, चुकली तर फेरफार नामंजूर होऊन प्रांताकडे अपील करावे लागते. आपल्या जिल्ह्यात प्रांताची कार्यालये बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी इथे आहेत. उताऱ्यावर नाव आल्यावर एकदा अकरावा रकाना पुन्हा वाचा. विकणाऱ्याचा बोजा चुकून नव्या नावाखाली उतरलेला असतो, आणि त्या वेळी बँकेचा दाखला फाइलमध्ये असला तर तलाठी कार्यालयातच दुरुस्ती होते. मूळ कागद, बोजामुक्तीचा लेख, आरटीजीएसच्या पावत्या आणि बँकेचे रकमेचे पत्र एकाच फाइलमध्ये ठेवा. पुढे विकताना तुमचा खरेदीदार नेमके हेच मागणार आहे.